जागच्या जागी नऊशे किलोमीटर

४ ऑगस्ट

प्रिय धाकटे साडू,

साष्टांग नमस्कार घालण्याचा विचार होता, पण गेल्या रविवारपासून कंबर जेमतेम तीस अंश वाकते. तेव्हा उभ्याउभ्याच घालतो, गोड मानून घ्यावा.

पत्रास कारण गंभीर आहे. आपण पाठवलेली, सायकलस्वारांसाठी खास बुडाशी स्पंज शिवलेली काळी चड्डी काल टपालाने पोचली. स्पंजाबद्दल तक्रार नाही. छापखान्याच्या लाकडी खुर्चीवर सत्तावीस वर्षं बसलेल्या मुद्रितशोधकाच्या बुडाचा कोणीतरी इतका विचार करावा, याने मला गहिवरूनच आलं. तक्रार आहे ती आत शिवलेल्या चिठ्ठीबद्दल. तिच्यावर मापाच्या आधी एक सोडून दोन 'एक्स्ट्रा' आहेत. विशेषणावर विशेषण चढवण्याची हौस कवींना शोभते. चड्डी शिवणाऱ्यांनी ती का करावी? आणि केली तर तुम्ही ती निवडून, पैसे देऊन, माझ्या नावे का पाठवावी? अधिक्षेप, उपहास, मर्मभेद असे तीन शब्द मी बाजूला काढून ठेवले आहेत. यातला कोणता वापरायचा ते उलट टपाली कळवा.

सगळ्यात वाईट म्हणजे ती मला बरोब्बर बसली.

असो. आपण दोघं नेमकं काय कबूल करून बसलो आहोत, ते एकदा कागदावर असू दे. सासूबाईंच्या वाढदिवसाला सगळे जेवत असताना माझी थोरली तुमच्या धाकटीला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची कंबर बघ गं, लग्नातला कोट अजून होत असेल." तुम्ही लाजलात. मी त्या वेळी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो. डाव तसाच हवेत राहिला. त्यानंतर "आम्ही दोघं साडू सायकलवर दीपगृहापर्यंत जाणार, नऊशे किलोमीटर, अकरा दिवस" हे वाक्य कोणाच्या तोंडून निघालं, याबद्दल मी मौन पाळतो. दोघी बहिणींच्या मते माझ्या. म्हणजे माझ्याच.

निघायचं नऊ जानेवारीला. हातात पाच महिने. तुम्ही बेचाळीस, मी त्रेपन्न. तुम्ही चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभे, मी दिवसभर बसलेला. शरीर कसं तयार करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं ऐकतो. फार वेळा ऐकतो. आता लिहूनही कळवा.

फोन मात्र नको. या घरात शिंकलं की त्या घरातून 'काढा घे' येतं. दोघी रोज संध्याकाळी पाऊण तास बोलतात आणि त्यात काहीच उरत नाही. आपलं आपण टपालाने.

आपला,
थोरला साडू
(उपाधी: दोन एक्स्ट्रा)


१२ ऑगस्ट

शास्त्रीबुवा,

नमस्कार. चड्डीचं माप मी ठरवलं नाही. ताईंनी शिवणाच्या टेपने मोजून फोनवर सांगितलं. तुम्ही झोपला होतात म्हणाल्या. तेव्हा मर्मभेद घरातलाच आहे.

तुमच्यासारखं मला लिहिता येत नाही, कामाचं लिहितो. आधी सीटची उंची बघा. टाच पॅडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट बुटकी राहिली तर गुडघ्याचं वाटोळं होतं. पहिल्या आठवड्यात साठ-सत्तर किलोमीटर पुरे, पुढे दर आठवड्याला दहा टक्के वाढवायचे, त्यापेक्षा एकही जास्त नाही. दम तीन आठवड्यांत वाढतो, पण गुडघ्यांना आणि नसांना तीन महिने लागतात. माणूस दमाचं ऐकतो आणि तिथेच फसतो. आठवड्यातले दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही. पाठीचे आणि पोटाचे व्यायाम रोज, नाहीतर चौथ्या दिवशी मनगटं बोंबलतात. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त आले तर त्या दिवशी घरी बसायचं.

सोबत मीटर पाठवतोय. सायकलवाल्याकडून चाकाला बसवून घ्या, किती चाललो ते दिसेल. दर दोन-तीन आठवड्यांनी एकमेकांना आकडा कळवू. माझे गेल्या आठवड्यात पंच्याऐंशी. नाडी अठ्ठावन्न.

एक सांगायचं राहिलं. शाळा सुटल्यापासून मी कोणाबरोबर काही ठरवून केलेलं नाही. दुकान, घर, दुकान. तुमच्याबरोबर जायचंय म्हणून बरं वाटतंय. तुम्ही चेष्टेत म्हणाला असाल तर आत्ताच सांगा.

तुमचा,
धाकटा साडू


२ सप्टेंबर

प्रिय धाकटे साडू,

चेष्टेत म्हणालो असतो तर तुमचा मीटर चाकाला बांधून घेतला असता का? आपल्या चौकातल्या मिस्त्रींनी तो मागच्या चाकाला बसवला, पुढे बसेना म्हणाले. त्यांना मी विचारलं, "मागचं चाक पुढच्याइतकंच चालतं ना?" त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

तुमची नाडी अठ्ठावन्न! अहो, हा काय माणसाचा आकडा झाला? माझी शहात्तर आली. खात्रीसाठी पुन्हा मोजली तर एकोणऐंशी, कारण मधल्या वेळात तुमची आठवली.

षड्रिपूंच्या यादीत मत्सर सहावा, अगदी शेवटचा. मला नेहमी वाटतं, शेवटी बसवल्यामुळे त्याला उरलेल्या पाचांचाही मत्सर वाटत असणार. सध्या तो माझ्या घरी मुक्कामाला आहे. धाकटीने तुमचा शिरस्त्राण घातलेला फोटो पाठवला, तो थोरलीने जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. बरोबर माझ्या ताटासमोर. मी घास घेतो आणि खाली तुमच्या मांड्या. गेल्या आठवड्यात दोनदा मी मुद्दाम ताट पुढे ओढून तुम्हाला झाकलं, तर थोरली म्हणाली, "अहो, सरका की जरा, सांडाल त्याच्यावर."

आता आकडा. तिसरा आठवडा: एकशे अठ्ठेचाळीस.

होय, नीट वाचलंत. अक्षरी लिहिलं आहे, म्हणजे संशयाला जागा नको. मी साडेसहाला सायकल घेऊन निघतो, साडेआठला परत. थोरली मीटर वाचून कॅलेंडरवर मांडते. शरीराबद्दल किरकोळ तक्रार एवढीच, की डावा दंड ठणकतो आणि शर्टाची डावी बाही घट्ट व्हायला लागली आहे. पायांचं म्हणाल तर पाय उत्तम.

आपला,
थोरला साडू


५ सप्टेंबर
(लिहिलं, पाकिटात घातलं, पेटीत टाकलं नाही)

साडूभाऊ,

त्या एकशे अठ्ठेचाळीसमध्ये खरा एकही नाही.

पहिल्या आठवड्यात तीन दिवस गेलो होतो. रोज तीन-तीन किलोमीटर. चौथ्या दिवशी जुन्या पुलाच्या चढावर उतरलो आणि कठड्याला टेकून बसलो. का बसलो ते राहू दे. बसलो असताना हातात दोन जड पिशव्या घेतलेल्या एक आजी मागून चालत आल्या, मला ओलांडून गेल्या, आणि वर पोचल्यावर थांबून त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत काळजी होती. त्या हसल्या असत्या तर मी सहन केलं असतं.

तिथून सायकल ढकलत मिस्त्रींकडे आलो. म्हटलं, साखळी बघा, जड चालते. त्यांनी सायकल स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी, आणि हाताने पॅडल फिरवलं. "साखळी लोण्यासारखी आहे, मास्तर," ते म्हणाले. मी साखळीकडे पाहत नव्हतो. मीटर पळत होता. शंभर मीटर, दोनशे, पाचशे. मी बाकड्यावर बसल्या बसल्या एक किलोमीटर पार केला.

"राहू दे जरा तशीच," मी म्हटलं.

तेव्हापासून रोज जातो. त्यांच्या दुकानात ट्यूबचं पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं आहे, त्याच्या शेजारी माझं बाकडं. मांडीवर प्रुफं, उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हाताने पॅडल. दोन तासांत तीस-पस्तीस सहज होतात. मिस्त्री साठीचे आहेत, फार बोलत नाहीत. परवा एवढंच म्हणाले, "मास्तर, सायकल रस्त्यावर चालवतात असं ऐकलंय मी." मी म्हटलं, "ऐकीव गोष्टींवर विसंबू नये."

तुम्ही विचाराल, आकडा मनानेच का नाही लिहिला? प्रयत्न केला. जमेना. सत्तावीस वर्षं मी लेखकांच्या समासात एकच शब्द लिहीत आलो आहे: 'आधार?' आधाराशिवाय आकडा माझ्या हातून कागदावर उतरत नाही. म्हणून थाप मारायला रोज दोन तास राबतो. इतकी मेहनत खरं बोलायला लागत नाही, हे मला कळतं.

आणि का करतो, तेही कळतं. मला तुमचा हेवा वाटतो. तुमच्या कंबरेचा, नाडीचा, फोटोत मांडीवर दिसते त्या उभ्या रेघेचा. तुम्ही अकरा वर्षांनी लहान असण्याचा. आणि तुमचं नाव निघालं की थोरली नकळत जराशी ताठ बसते, त्याचा सगळ्यात जास्त.

हे उद्या पेटीत टाकीन.


१४ सप्टेंबर

शास्त्रीबुवा,

एकशे अठ्ठेचाळीस मी चारदा वाचलं. मग धाकटीला वाचायला दिलं. तीही म्हणाली एकशे अठ्ठेचाळीसच.

मी त्याच आठवड्यात एकशे तीनवर होतो. दहा टक्के, दहा टक्के करत बसलो. तुम्ही खुर्चीतून उठलात आणि थेट इथे. वाटलं, मीच स्वतःला जपतोय की काय. या आठवड्यात एकशे सत्तर केले. विश्रांतीचा एक दिवस काढून टाकला. पाय थोडे जड आहेत, पण होईल सवय.

तुमचा दंड कसा काय दुखतो ते कळत नाही. हँडल फार आवळून धरता का? आणि एकच बाजू कशी? आरशासमोर बसून बघा, डावीकडे झुकत असाल.

तुमचं पत्र धाकटी मोठ्याने वाचते. 'मधल्या वेळात तुमची आठवली' हे तिने तीनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी दुकानात एका बाईंचा नंबर तपासत होती, त्यांनाही सांगितलं. त्या बाईही हसल्या. चांगलं लिहिता तुम्ही.

पुढचा आकडा लवकर कळवा.

धाकटा साडू


६ ऑक्टोबर

प्रिय धाकटे साडू,

विश्रांतीचा दिवस काढू नका. दोन दिवस सायकलला हात लावायचा नाही, हे तुमच्याच हस्ताक्षरात माझ्याजवळ आहे. गुरूने स्वतःची संहिता मोडली तर शिष्याने कोणाकडे पाहावं?

एवढं लिहून पत्र संपवायला हवं होतं. पण घरात काय चाललंय ते ऐका. थोरलीने कॅलेंडरवर तुमचाही आकडा मांडायला सुरुवात केली आहे. फोनवरून रोज ताजा येतो. तुमचा हिरव्या शाईने. माझा पेन्सिलीने. मी विचारलं, "हा भेद का?" तर म्हणाली, "तुमचा खोडावा लागला तर बरं." नऊचा पाढा शिकवावा तशा शांतपणे म्हणाली. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका खोडतोय, आणि घरात माझीच नोंद खोडरबराच्या कक्षेत! तुमच्या एकशे सत्तरभोवती तिने एक छोटंसं वर्तुळही काढलं आहे. मी ते वर्तुळ रोज पाहतो. फार सुबक आहे. माझ्यासाठी तिने आयुष्यात इतकं सुबक काही काढलेलं नाही.

तेव्हा सांगू नये पण सांगतो. गेला आठवडा: दोनशे बारा.

दंड बरा आहे. आता उजव्याने लिहिण्यापेक्षा डाव्याने... पण ते असो.

थोरला साडू


२१ ऑक्टोबर

भाऊजी,

हे पत्र मी लिहितेय कारण ह्यांना बसता येत नाही. तुमचं दोनशे बारावालं पत्र आलं त्यानंतरच्या रविवारी हे पहाटेच बाहेर पडले. एका दिवसात एकशे तीस करून येतो म्हणाले. परत येताना मोठ्या चौकातल्या वळणावर उजवा गुडघा निसटला, पाय पॅडलवर दाबलाच गेला नाही, आणि हे दुभाजकावर आदळले. गुडघ्याच्या आतली नस तुटली आहे. शुक्रवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने सायकल विसरा. आणि हेही म्हणाले की गुडघा काही त्या दिवशीच गेलेला नाही, आधीचे तीन आठवडे सुजलेला असणार. तीन आठवडे हे घरात फुल पँट घालून झोपत होते. मी विचारलं तर म्हणायचे, गारवा आहे.

तुमचं पत्र आलं की मी वाचून हसत असायची आणि हे उठून सायकल पुसायला लागायचे. तेव्हा मला कळलं नाही. आता कळतंय, म्हणून माझंही चुकलंच.

आता तुमचं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, पाहिलेत? आठ-पंधरा दिवस रस्त्यावर चालवलं की झिजून जातात. ताई म्हणाली, तुमच्या नव्या सायकलच्या दोन्ही टायरांचे केस एकूण एक शाबूत आहेत. दोन महिने झाले, म्हणाली, रोज मीटर वाचते आणि रोज टायरावर हात फिरवते. मी म्हटलं, अगं मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "रोज सकाळी उठून कुठेतरी जातात, परत येताना जरा खुशीत असतात. म्हटलं, जाऊ देत. कोणाचं काय जातंय?"

कोणाचं काय गेलं ते वर लिहिलं आहे.

मी ह्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते मी सांगणार नाही, ताईही नाही. तुम्ही सांगा. आणि भाऊजी, विनोदी नको.

धाकटी


२५ ऑक्टोबर

साडूभाऊ,

सोबत पाच सप्टेंबरचं एक पत्र जोडतो आहे. ते तेव्हाच टाकलं असतं तर तुमचा गुडघा शाबूत असता. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? त्यातलं सगळं खरं आहे. त्यानंतरचे दोनशे बाराही स्टँडवरचेच. नऊशे किलोमीटर बाकड्यावर बसून केव्हाच झाले. मी दीपगृहाला जाऊन परत निघालो आहे.

धाकटीने विनोद नको म्हणून बजावलं होतं. वरचं वाक्य खोडत होतो, पण राहू देतो. मी असाच आहे आणि त्यामुळेच हे झालं. आकडा आला की तुम्ही सायकल काढत होतात, हे मला ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. तेही खरं नाही. एकशे सत्तरचं तुमचं पत्र आलं तेव्हा मला कळलं होतं की तुम्ही माझ्या मागे धावताय. मला ते आवडलं. त्रेपन्न वर्षांत माझ्या मागे पहिल्यांदाच कोणीतरी धावत होतं. म्हणून थांबा म्हणता म्हणता मी आणखी पुढचा आकडा लिहिला.

मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी सायकल स्टँडवरून उतरवली आणि मीटर काढून माझ्या हातात दिला. थोरलीला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मला माहीत आहे. त्याला सांगा." मग पाठ फिरवून भांडी लावत राहिली.

क्षमा मागतो. तुम्ही केली नाही तरी मागितलेली आहे, एवढं लक्षात असू द्या.

थोरला साडू


२ नोव्हेंबर

शास्त्रीबुवा,

पत्र तीन दिवस उशाशी पडून होतं. पहिल्या दिवशी इतका राग आला की फाडणार होतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचं वाक्य आठवून हसू आलं. हसलो की पाय हलतो आणि टाके ताणतात, म्हणून परत राग आला.

मला त्या पायाने आता दोन महिने काठी घेऊन चालायचंय. दुकान धाकटी एकटी बघते. त्यामुळे लगेच सगळं ठीक आहे असं म्हणणार नाही. नाही आहे ठीक.

पण मीही खरं लिहितो. सूज आली तेव्हाच मला कळलं होतं. नियम मीच लिहून पाठवले होते, तरी चष्मा नीट बसत नसताना गिऱ्हाइकाला छान दिसतोय म्हणावं, तसं मी माझ्याच गुडघ्याला सांगत होतो. कारण सांगू? सासूबाईंकडे जेवायला बसलो की तुम्ही बोलायला तोंड उघडता आणि सगळं टेबल तुमच्याकडे वळतं. मी बोलायला लागलो की कोणीतरी पाणी आणायला उठतं. चौदा वर्षं हेच बघतोय. धाकटी माझ्याबरोबर असते, पण हसते तुमच्या पत्रांवर. तेव्हा वाटायचं, बोलण्यात राहू दे, पायांत तरी हा माणूस माझ्या मागे असायला हवा. तिथेही एकशे अठ्ठेचाळीस. म्हणजे तुमच्या पोटात जे होतं तेच माझ्या. तुम्ही ते शब्दांत घालवलंत, मी गुडघ्यात.

आता एक विचारतो आणि याचं सरळ उत्तर हवंय. त्या पाच तारखेच्या पत्रात तुम्ही पुलावर का बसलात ते 'राहू दे' म्हणून सोडलंय. मी ते वाक्य बऱ्याच वेळा वाचलं, आडवं पडून दुसरं काम नाही. तीन दिवस तीन-तीन किलोमीटर चालवलेला माणूस नुसत्या दमाने लाजेल, चिडेल, पण दोन महिने रस्ता सोडून बाकड्यावर जाऊन बसणार नाही. धाप लागली की छातीत काही झालं? हातात आलं? जबड्यात? नंतर परत झालंय का?

फोन केला असता पण तो ताई उचलतील आणि ते तुम्हाला नको असणार. पत्राची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि मला लिहा. आकडा नको.

धाकटा साडू


७ नोव्हेंबर

साडूभाऊ,

सरळ उत्तर देतो.

पुलाच्या अर्ध्यावर छातीच्या मधोमध कोणीतरी तळहात ठेवून दाबल्यासारखं झालं. ते वर जबड्यापर्यंत गेलं, घाम फुटला. कठड्याला टेकून बसलो, पाचेक मिनिटांनी ओसरलं. त्या आजी वळून का पाहत होत्या, ते आता तुम्हाला कळेल. माझा रंग बघून थांबल्या असाव्यात. त्यानंतर चारदा झालं. तीनदा छापखान्याच्या जिन्यावर, दुसऱ्या मजल्याच्या वळणाला. चौथ्यांदा परवा, तुमचं पत्र आणायला खाली उतरून परत चढताना.

कोणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, पित्त असेल. मग म्हटलं, व्यायामाची सवय नाही म्हणून. मुद्रितशोधकाची हीच गंमत आहे: दुसऱ्याच्या पानावरची चूक दिसते, स्वतःच्या पानावर डोळा तिथून घसरतो. बाकड्यावर पॅडल फिरवताना काही होत नसे, म्हणून मला बाकडं आवडायला लागलं. तिथे बसलेलो असताना मी सायकल चालवणारा, तंदुरुस्त, तुमच्याही पुढे गेलेला माणूस होतो, आणि दुखत नव्हतं.

तुमच्या हेव्याने जळत होतो, ते खोटं नव्हतं. पण त्याचा मला आधार होता, हे आता दिसतं. रोज तुमच्या नाडीवर, कंबरेवर चिडलो की स्वतःच्या छातीकडे लक्ष द्यायला वेळच उरत नसे. हिरव्या वर्तुळावर रागावणं सोपं होतं.

माझे वडील चोपन्नाव्या वर्षी गेले. हे तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही घरात यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. कचेरीतून आले, जिन्यात बसले, आईला म्हणाले, "थांब, आलोच." मी वरच्या पायरीवर उभा होतो. मार्चमध्ये मला चोपन्न पुरी होतात.

उद्या सकाळी दहाला हृदयाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा मी जाऊन आलेला असेन आणि काय ते कळलेलं असेल. दीपगृहाचं म्हणाल तर तुमचा गुडघा बरा होऊ दे, पुढे बघू. मला आता त्यात कोण पुढे आणि कोण मागे याचं काही वाटत नाही.

आत्ता संध्याकाळचे सहा वाजले आहेत. थोरली पलीकडच्या खोलीत धाकटीशी फोनवर बोलते आहे, तुमच्या पायाची चौकशी करते आहे. तिचं बोलणं संपलं की मला आत जायचं आहे. काय बोलायचं ते तीन कागदांवर लिहून पाहिलं, तिन्ही फाडले.

मला फार भीती वाटते आहे, आणि हे तिला कसं सांगायचं ते मला येत नाही.

तुमचा,
थोरला साडू